एक्केचाळीस सेकंद

अठरा पूर्ण झाले त्या दिवशी आईनं ओजसला ओवाळलं, आणि ते कुंकू वाळायच्या आत कोळेकर मॅडमनी ते पुसून त्याच्या कपाळावर पट्टी बांधली. कुंकवाचा ओलावा पट्टीला चालत नाही म्हणे. मला तिथंच राग आला. पण मला दात घासतानाही राग येतो, त्यामुळं घरात कुणी लक्ष देत नाही.

ओजस माझा भाऊ, एकच वर्षानं मोठा. मी स्वराली. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे, सरांनी फेकून मारलेलं डस्टर मी परत फेकलं आणि माझा नेम त्यांच्यापेक्षा बरा निघाला. तेव्हापासून तासगावात बेदाण्याच्या युनिटात कामाला आहे. तिथं पूर्वी चाळीस बायका बसून बेदाणा निवडायच्या. आता एक मशीन निवडतं, आणि आईसकट चार बायका त्याच्या मागं बसून त्याच्या चुका निवडतात. मशीन बिघडलं की मला हाक मारतात. मशीन माझं ऐकतं. माणसांचं तसं नाही.

ओजसला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे, असं त्याच्या कार्डावर लिहिलंय. तो दाढी स्वतःची स्वतः करतो, तासगाव डेपोच्या सगळ्या बसच्या वेळा त्याला पाठ आहेत, आणि कुणी खोटं हसलं की तो खोलीतून उठून जातो, हे कार्डावर नाही. बोलतो कमी. एक शब्द, फार तर दोन. तेही लगेच नाही. विचारलं की गप्प. परत विचारलं की परत गप्प. तिसऱ्यांदा ओरडलं की "हो, चालेल."

हे "हो, चालेल" त्याला विशेष शाळेनं बारा वर्षं शिकवलंय. कोळेकर मॅडम त्याच शाळेच्या. बाई वाईट नाहीत, सुट्टीच्या दिवशीही घरी येऊन बसतात. पण नम्र उत्तर दिलं की वहीत चांदणी, असा त्यांचा नियम. आमच्या कपाटाच्या दाराला आतून-बाहेरून चांदण्या चिकटवलेल्या आहेत. "नको"ला चांदणी नव्हती.

"बघ स्वराली," पट्टी घट्ट करत मॅडम म्हणाल्या, "आपण बोलायच्या आधी मेंदू तयारी करतो. तेव्हा कपाळाच्या कातडीपर्यंत विजेची अगदी बारीक लहर येते. तुझी माझी तयारी अर्ध्या सेकंदात होते, म्हणून आपल्याला कळतच नाही. पट्टी ती लहर पकडते. तयारी चालू असेल तर पिवळा दिवा. उत्तर तयार झालं की हिरवा."

आईनं लगेच विचारलं, "ओजू, शिरा आवडला का?"

पिवळा दिवा लागला. आम्ही तिघी त्याच्या कपाळाकडं बघत उभ्या. ओजसचा अंगठा पँटच्या शिवणीवरून वर-खाली फिरायला लागला. त्याचं ते नेहमीचंच आहे.

"आवडला ना बाळा?" आई म्हणाली.

दिवा विझला आणि परत पिवळा लागला.

"ताई, परत विचारू नका!" मॅडम म्हणाल्या. "परत विचारलं की लहर मोडते. सगळी तयारी पहिल्यापासून."

आई पदर तोंडात धरून बसली. मी पाय आपटायचे थांबवले. कुकरची शिट्टी झाली तरी कुणी हललं नाही. हिरवा.

"गोड जास्त," ओजस म्हणाला.

आईच्या हातातला चमचा खाली पडला. मॅडमच्या मोबाइलवर आकडा आला होता, एक्केचाळीस सेकंद.

मी डोक्यात हिशोब केला. मी एखादी गोष्ट विचारते, तिसऱ्या सेकंदाला परत विचारते, सहाव्याला ओरडते. म्हणजे माझं आख्खं आयुष्य या पोराचं घड्याळ शून्यावर आणण्यात गेलं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर? तर काय, थांबले असते मी? एक्केचाळीस सेकंदात दूध उतू जातं.

पट्टी हौसेनं बांधलेली नव्हती. अठरा झाले की विशेष शाळा बंद. पुढं कुठं राहायचं, काय काम करायचं, हे सांगलीतली एक समिती ठरवते, आणि नव्या नियमानं ते त्या माणसालाच विचारून ठरवावं लागतं. आमच्यापुढं दोन वाटा होत्या. एक, मिरजेतलं सुयोग निवास. चार मुलं, एक काळजीवाहक, शेजारच्या लॉन्ड्रीत काम. दुसरी, घर. पण घर म्हटलं की दिवसभर त्याची जबाबदारी कुणाची, ते नाव कागदावर द्यावं लागतं. आई सकाळी नऊला युनिटात जाते ती संध्याकाळी सहाला येते. राहिलं कोण?

आणि मला नाशिकहून बोलावणं आलं होतं. बेदाण्याची मशीनं बनवणारी कंपनी. सहा महिने शिकवणार, मग मेकॅनिक म्हणून घेणार. दहावी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, व्हिडिओवर मशीन उघडून दाखव. मी सोळा मिनिटांत उघडून, बिघाड काढून, परत बंद करून दाखवलं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, सोमवारी, हजर व्हायचं होतं.

ओजस मिरजेला तर मी नाशिकला. ओजस घरी तर मी घरी. यापुढचं गणित मला येत नाही आणि लागतही नाही.

मिरजेला आम्ही जाऊन आलो. काळजीवाहक काकांनी सगळं दाखवलं. गाद्या नव्या, भिंतींना पोपटी रंग, प्रत्येकाला वेगळी खोली. आईनं तर नळसुद्धा सोडून बघितले. ओजस मात्र दारापाशीच उभा. दाराच्या आतल्या बाजूला चार बारीक भोकं होती, कडी काढून टाकलेली. त्या भोकांवरून तो करंगळी फिरवत होता.

"सुरक्षेसाठी आतून कड्या ठेवत नाही आम्ही," काका हसत म्हणाले.

"आमच्याकडं पण नाहीत," आई म्हणाली.

खरंच नाहीत. सहा वर्षांपूर्वी ओजसनं बाथरूमची कडी आतून लावून घेतली होती. आई, मी, शेजारपाजारचे, आख्खी गल्ली बाहेरून ओरडत होती, "कडी काढ! ओजू, कडी काढ!" शेवटी पहारीनं दार फोडलं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकाही आतल्या दाराला कडी नाही. आंघोळीला गेलं की बाहेर लाल बादली ठेवायची. बादली दिसली की आत माणूस. पाहुण्यांना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"चल रे," म्हणून मी ओजसला दारापासून ओढलं. मला परतीची बस गाठायची होती.

पंधरा दिवसांनी मॅडम उड्या मारतच आल्या. पट्टीला अपडेट आलं होतं.

"आता थांबायलाच नको! लहरीच्या पहिल्या पाच सेकंदांवरून पट्टी पुढचं उत्तर ओळखते. शाळेतली त्याची बारा वर्षांची रेकॉर्डिंग दिलीत आपण तिला. बोलते पण त्याच्याच आवाजात. विचार काहीही."

"ओजू, भाजी आणायला येतोस?" आईनं विचारलं.

पाच सेकंदात कॉलरच्या छोट्या स्पीकरमधून ओजसचा आवाज आला, "हो, चालेल."

आई रडली. पोरगं पटकन बोललं म्हणून रडली. आणि मी? मला बरं वाटलं. इथं खोटं बोलत नाही मी. घरातलं सगळं भराभर व्हायला लागलं होतं. ओजू, आंघोळ? हो, चालेल. ओजू, टीव्ही बंद करू? हो, चालेल. ओजू, चहा? हो, चालेल. चहा करून आणला की तो म्हणायचा, "नको." आठवडाभर मी दोन-दोन कप चहा पीत होते आणि त्याला शिव्या देत होते, आधी हो म्हणतो आणि मग नखरे करतो म्हणून. मशीनच्या चुका शोधण्याचा पगार घेते मी, आणि घरातली एवढी ढळढळीत चूक मला दिसली नाही. कारण ती माझ्या सोयीची होती.

चार तारखेला, मंगळवारी, समिती होती. सांगलीत, दुसऱ्या मजल्यावर, बाहेर बाकांवर वीस-बावीस कुटुंबं. आमचा नंबर चौदावा. आत निकम साहेब, चष्मा डोक्यावर, समोर चहाचा अर्धा कप. आईनं इस्त्रीची साडी नेसली होती. ओजसला पांढरा शर्ट.

"काय बाळ, कसा आहेस?" साहेबांनी विचारलं. मिशा असलेल्या माणसाला बाळ.

"हो, चालेल," पट्टी म्हणाली.

साहेब हसले. "छान. मिरजेला राहायला जायचं ना? मित्र असतील, काम असेल."

पाच सेकंद. "हो, चालेल."

"वा! एवढा स्पष्ट मुलगा आज पहिलाच आला." साहेबांनी टॅबवर अर्ज उघडला. मॅडमनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. आईनं हात जोडले.

आणि मला ओजसचा अंगठा दिसला. शिवणीवर वर-खाली, वर-खाली. दिवा पिवळाच.

पट्टी बोलून मोकळी झाली होती. ओजस अजून उत्तर तयार करत होता.

मी मनात म्हटलं, स्वरा, गप्प बस. सोमवारी नाशिक. बॅग भरून झालीय. दहा झाले, अकरा झाले. साहेबांनी आईला अंगठा लावायला टॅब पुढं केला. बारा. चहा आठवला. दोन-दोन कप.

"थांबा!"

एवढ्या जोरात म्हणाले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"त्याचं उत्तर व्हायचंय अजून."

"दिलं की त्यानं."

"ते पट्टीनं दिलं."

"स्वराली, गप," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "पट्टी त्याच्याच मेंदूवरून सांगते."

"मॅडम, तुम्ही गप. साहेब, आमच्याकडं बेदाण्याचं मशीन आहे. त्याला आधी दहा हजार चांगले दाणे दाखवायला लागतात, मग ते शिकतं. मागच्या साली मालकानं नुसता हिरवा बेदाणा दाखवला. झालं, काळा बेदाणा कितीही चांगला येऊ दे, मशीन हवेच्या फटक्यानं उडवून बाहेर. मशीनची चूक नाही. काळा पण चांगला असतो हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. याला बारा वर्षं 'हो, चालेल' शिकवलंय, आणि पट्टीला तेच दाखवलंय. ती दुसरं काय बोलणार? तुम्ही याला मारू का विचारा, हो चालेल म्हणेल."

साहेबांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. ओजसकडं बघून विचारलं, "मारू का?"

"हो, चालेल," पट्टी म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी उठून स्पीकर उपटून काढला. दिवा राहू दिला.

"आता परत विचारा. एकदाच. आणि मग कुणी बोलायचं नाही."

"बाहेर आठ कुटुंबं बसलीत, बाई."

"एक्केचाळीस सेकंद लागतात. तुमचा चहा आहे अर्धा. प्या."

साहेबांनी विचारलं. मिरजेला जायचं का? पिवळा. पंखा कुरकुरत होता. आई मधेच तोंड उघडायला लागली, मी तिच्या मांडीवर हात दाबला. मला स्वतःला ओरडावंसं वाटत होतं, सांग की रे एकदाचं! तीस. पस्तीस. हिरवा.

"नाही," ओजस म्हणाला.

अठरा वर्षांत परक्या माणसापुढं त्यानं काढलेला पहिला नाही. आणि तो माझ्या नाशिकवर.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "बरं. मग घरीच राहायचं?"

परत एक्केचाळीस. शिपाई दारात उभाच, त्यालाही आता ऐकायचं होतं.

"नाही."

"अरे मग काय रस्त्यावर राहणार का?" मी ओरडले. दिवा विझला, परत पिवळा झाला, आणि तिघांनीही माझ्याकडं असं बघितलं की मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

साहेबांनी कप बाजूला सारला. टॅब उलटा ठेवला. पुढं वाकून म्हणाले, "ओजस, तुम्हाला काय पाहिजे?"

तुम्हाला म्हणाले. याला वेळ लागला. एक्केचाळीसचा हिशोब हो-नाहीचा होता. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर कुठं ठेवलंय ते त्यालाच शोधायचं होतं. दोन मिनिटं होऊन गेली. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अंगठा थांबला. हिरवा.

"कडी," ओजस म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आतून."

साहेबांना कळलं नाही. मला कळलं. मिरजेच्या दाराची चार भोकं आणि त्यांवरून फिरणारी करंगळी. तिकडं कडी नाही, इकडं कडी नाही. म्हणून तिकडं नाही, इकडं नाही. एवढं साधं. आणि मी त्याला बस चुकेल म्हणून ओढून नेलं होतं.

निकम साहेबांनी निर्णय तीन महिने पुढं ढकलला. कडीबद्दल मिरजेकडून लेखी खुलासा मागवला. "तोवर घरी. पण दिवसाची जबाबदारी कुणाची, ते नाव सोमवारपर्यंत कळवा." हे बोलताना सगळे माझ्याकडं बघत होते.

"माझ्याकडं काय बघताय?" मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ओजस खिडकीशी बसला, आई आणि मी मागं.

"आई, तेव्हा बाथरूमबाहेर आपण किती वेळ ओरडत होतो?"

"तासभर."

"मधे थांबलो होतो?"

"थांबतोय कशाला? पोरगं आत अडकलेलं..." आणि ती थांबली. कवलापूर मागं पडलं. मग म्हणाली, "म्हणजे मिनिटभर गप्प राहिलो असतो तर त्यानं काढली असती?"

सहा वर्षं बादली.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक कडी दाखवली, आतून लागते, पण बाहेरच्या बाजूला खाच असते, तिच्यात नाणं घालून फिरवलं की उघडते. आई म्हणाली हीच घे. नाणं आता असतंय कुणाकडं? शेवटी देव्हाऱ्यातलं लक्ष्मीपूजनाचं नाणं काढलं आणि चौकटीशेजारी खिळ्याला पिशवीत टांगलं. कडी मीच बसवली. बसवून झाल्यावर ओजसला खरं ते सांगितलं. "हे बघ, बाहेरून नाण्यानं उघडते ही. पण आग लागली किंवा तू पडलास तरच. नाहीतर कुणी हात लावणार नाही."

त्यानं ऐकलं. एक्केचाळीस सेकंदांनी म्हणाला, "बरं." मग आत गेला आणि कडी लावली. चार वेळा लावली, चार वेळा काढली.

गुरुवारी त्याला पहिल्यांदा एकटं ठेवलं. मी सुट्टी टाकून समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसले, आमच्या घराकडं डोळे लावून. पहिल्या तासात मी सात वेळा उठले आणि सात वेळा बसले. गिरणीवाल्या काकी म्हणाल्या, "काय गं, घरात चोर शिरलाय का?" काही झालं नाही. त्यानं ताट वाढून घेतलं, जेवला, ताट घासलं, खोलीत गेला. शुक्रवारी तसंच. शनिवारी भाताला त्यानं मीठ जास्त घातलं, एवढीच बातमी. इतकी वर्षं मी याला राखत होते, ते कशापासून?

रविवारी सकाळी आई म्हणाली, "कागदावर माझं नाव टाकते. युनिट दहा मिनिटांवर आहे, दुपारच्या सुट्टीत येऊन बघून जाईन. पण त्याला विचार. तो हो म्हणाला तरच जा. आणि एकदाच विचार."

ओजस खोलीत होता. कडी लावलेली. पट्टी बाहेर टेबलावर पडली होती, त्यानंच काढून ठेवलेली. म्हणजे आता पिवळा नाही, हिरवा नाही, अंगठाही दिसत नाही. नुसतं बंद दार.

"ओजू," मी म्हणाले, "मी उद्या नाशिकला जाऊ का?"

आणि उभी राहिले.

दहाला वाटलं, ऐकलं नसेल. परत विचारावं. नाही विचारलं. वीसला वाटलं, रडत असेल. नाण्याकडं लक्ष गेलं. हात मागं बांधले. तीसला रागच आला, एवढा काय विचार करायचाय, मी काय लंकेला चाललेय? एक्केचाळीस आले आणि गेले. पन्नास. साठ. आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी होती, तिलाही श्वास घ्यायचं सुचत नव्हतं. कडी सरकल्याचा आवाज आला. दार नाही उघडलं. कडी परत लागली. हा चेक करत होता अजून!

ओठ चावून रक्त यायचं बाकी होतं, तेव्हा आतून आवाज आला.

"जा."

आईनं डोळ्यांना पिठाचा हात लावला. मी वळून बॅगेकडं निघाले, तर मागून परत,

"रविवारी ये."

"दर रविवारी?" मी जागच्या जागी फिरले. "नाशिकहून? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

आतून काही नाही. आई माझ्याकडं बघून मान हलवायला लागली. मग माझ्या लक्षात आलं. प्रश्न विचारला होता मी. एक नाही, तीन.

मी बॅग खाली ठेवली, दाराला टेकून बसले, आणि मोजायला लागले.